फिक्कं ताट

लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटलं, सासूबाईंना पोटाचा काही आजार असावा. वरणाला फोडणी द्यायच्या आधी त्या आपल्यापुरतं वेगळं काढून ठेवायच्या. नुसतं हळद-मीठ. बाकी सगळ्यांच्या ताटात लाल रस्सा, आणि त्यांच्या ताटात ते पिवळं पाणी. आमचं गाव उमरेडपासून आत, भिवापूरच्या बाजूला. अर्धा मुलूख मिरचीवर जगतो, बायका हिवाळाभर मिरचीचे देठ खुडतात, आणि या बाईला मिरचीचा कण चालत नाही. मी बारावी सायन्स. मी लगेच डॉक्टरीण झाले.

"आई, अल्सर हाये का तुम्हाले? नागपूरले धंतोलीत दाखवू ना कोण्या डॉक्टरले."

सासरे ओसरीत बाजेवर बसले होते. ताराचंद त्यांचं नाव. सगळी उमर हातमागावर गेली, आता गुडघे साथ देत नाहीत. ते म्हणाले, "तिले काई झालं नाही. बिमारी गावाले हाये. बस जेवायले, काजल, समजन तुले."

आणि समजलंच. मी घास उचलला तोवर शेजारची कांताबाई डोळ्याला पदर लावून दारात उभी. सासूबाईंनी जेवतं ताट सरकवलं. मोरीवर जाऊन चूळ भरली, बोटानं जीभ घासली, पुन्हा चूळ भरली. कांताबाईला उंबऱ्यापाशी उजेडाकडे तोंड करून निजवलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं, पापणी उलटी केली आणि वाकून जिभेचं टोक सरळ तिच्या डोळ्यात घातलं. माझ्या हातातला घास ताटात पडला.

सासूबाई सरळ झाल्या. जिभेवरून काहीतरी बारीक काळं त्यांनी तळहातावर घेतलं आणि कांताबाईच्या नाकापुढे धरलं.

"पाह्य. चुलीतला कचरा होता. नीट पाह्य."

कांताबाईनं नीट पाहिलं, डोळे मिचकावले. "निघालं बाप्पा," म्हणाली, आणि गेली.

हे दाखवणं सासूबाई कधी चुकवायच्या नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "कण निघाला तरी खुपणं जात नाही वं. माणसाले वाटते अजून हाये अंदर. एकदा हातावर पाह्यलं का मंग डोया मानते."

मला किळस यायची, खरं सांगते. मी भांडायचे. तोंडात जंतू असतात, डोळ्यात जंतू असतात, कोणाला काय झालेलं असतं, हे सगळं पुस्तकातलं मी त्यांना ऐकवायचे. त्या ऐकून घ्यायच्या आणि दारात कोणी आलं की पुन्हा चूळ भरायला उठायच्या. माझा नवरा अभिजीत हिंगण्याच्या कंपनीत आहे, तिकडेच खोली करून राहतो, सुट्टीला येतो. त्याच्याकडे तक्रार केली तर तो हसायचा. म्हणायचा, "माह्या डोयातलं बम कचरं काढलं तिनं. मी तर पाहून राहिलो ना तुले."

हे सुरू कसं झालं ते मला नत्थूमामांनी सांगितलं. नत्थूमामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. सासूबाईंचं माहेर आणि सासर याच गावात, त्यामुळे भाऊ दिवसातून एकदा तरी ओसरीत येऊन बसणारच. मामा सांगायचे, "माहीच कहाणी हाये वं पोरी, मीच सांगतो."

त्यांची आई मिरची खुडायला जायची. दोन्ही लेकरं सोबत. वच्छला, म्हणजे सासूबाई, सात-आठ वर्षांची, तीही खुडायला बसायची. नत्थू रांगता. एक दिवस रांगत गेला मिरचीच्या ढिगात, आणि मुठीनं डोळा चोळला. आई माल मोजून द्यायला पलीकडे गेलेली. पोरगं किंचाळून काळंनिळं पडलं. वच्छलेचे हात कोपरापर्यंत मिरचीनं माखलेले, आग आग होत असलेले. हात लावावा तर आणखी मिरची. पाणी लांब. तेव्हा तिनं भावाला मांडीवर घेतलं आणि जिभेनं त्याच्या डोळ्यातलं मिरचीचं बी काढलं. त्याचा डोळा शांत झाला आणि हिचं तोंड पेटलं.

"तो अख्खा दिवस ती रडली अन् मी झोपलो," मामा हे असं सांगायचे जसं काही त्यांना आठवतं.

दुसऱ्या दिवसापासून तिथल्या बायका आपली लेकरं तिच्याकडे धाडू लागल्या. एका पोरीच्या डोळ्यातलं काढायला बसली तेव्हा सकाळी चटणी-भात खाल्लेला होता. ती पोरगी जास्तच ओरडली. त्या दिवशी वच्छलेनं मिरची सोडली. कोण कधी येईल सांगता येत नाही, जीभ तयार पाहिजे. एवढीशी पोर, पण जे सोडलं ते सोडलं. लग्नात तिला सासरच्या लोकांनी फिक्कं खाणारी म्हणून हसून घेतलं. नंतर हसणारेच डोळे चोळत आले.

डोळ्यावरून मग बाकीचंही येत गेलं. डोळा दाखवायला आलेली बाई जाता जाता सांगायची, सुनेला दिवस भरलेत. कोणाचा म्हातारा अंथरुणावर पडलेला. सासूबाई जायच्या. न्हाऊ घालायच्या, कुशीवर वळवायच्या, पेज भरवायच्या. सासरे कुरकुरायचे, "घरचा माणूस मेला तरी ही आधी गावाले पाणी पाजून येईन." पण त्या परत आल्या की त्यांची चप्पल उन्हातून सावलीत उचलून ठेवायचे तेच.

मामांचा डावा डोळा मात्र तरुणपणीच गेला होता. बाभळीच्या फांद्या तोडताना काटा आरपार शिरला. नेमक्या त्या दिवशी सासूबाई दुसऱ्या गावी कोणाच्या तरी बाळंतपणाला गेल्या होत्या. "बाई गावात असती तर वाचला असता," हे मामा हजारदा बोलले असतील, बहिणीला ते बाईच म्हणत. मी म्हणायचे, मामाजी, काटा बुबुळात गेल्यावर जिभेनं काय होणार होतं. ते मान हलवायचे. उजव्या डोळ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "हा कोणानं वाचवला मंग?"

तर मामांना एकच डोळा होता, आणि तो बहिणीनं दिलेला होता. निदान त्यांचा हिशोब तसा होता.

औंदा धान कापून झालं आणि पाऊस आला. खाचरांत, आमच्या बांध्यांमध्ये, धानाच्या कडपा पडलेल्या, म्हणजे कापून ओळीनं पसरलेलं धान, आणि त्याच्यावर दोन दिवस पाणी. लोक पाण्यात उभं राहून कडपा उलटत होते. मामा आणि मनकर्णामामी दोघंच. मामींची कंबर वाकत नाही, तरी वाकल्या. मी एक दिवस गेले होते मदतीला. कडप उचलली की खालून वाफ यायची, आंबूस वास यायचा, लोंब्यांना पांढरे कोंब फुटायला लागलेले. मामा एकेक कडप उचलून झटकायचे आणि बांधावर टाकायचे. माझी कंबर अर्ध्या बांधीत गेली. त्यांची पाच दिवस चालली.

मग थ्रेशरसाठी मारामार. गावात थ्रेशर एक, आणि सगळ्यांचं धान सडत चाललेलं. धानाचे ढीग, म्हणजे पुंजणं, रचून प्रत्येक जण आपली पाळी धरून बसला. मामांची पाळी यायच्या आधी ते दुसऱ्यांकडे मजुरीनं मशीनवर जात होते, कडपा आत सरकवायला. तोंडाला दुपट्टा बांधलेला, पण डोळा उघडा. काळपट तूस आणि धूळ अशी उडत होती की मशीनपाशी उभा असलेला माणूस दिसत नव्हता.

दुपारी ते आले. उजव्या डोळ्यातून पाणी, दोन्ही हात पुढे धरून भिंत चाचपत.

"बाई, गेलं वं काहीतरी."

सासूबाई सूप टाकून उठल्या. चूळ, जीभ घासणं, पुन्हा चूळ. भावाला उंबऱ्यापाशी निजवलं. तो डोळा उघडेना, तर कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, "मी हावो ना रे. सोड. पापणी सोड." लहान लेकराशी बोलावं तसं. मग वाकल्या. या वेळी जरा वेळ लागला. उठल्या तेव्हा जिभेवर तूस होतं, धानाच्या दाण्याचं अर्धं टोकदार फोलपट.

"पाह्य."

मामांनी तळहात आपल्या डोळ्याजवळ ओढून नेला. "साला," म्हणाले. हसले. गूळ-पाणी घेतलं आणि परत मशीनवर गेले.

तीन-चार दिवसांनी आले तेव्हा डोळा लालबुंद. सासूबाईंनी पुन्हा पाहिलं, जिभेनं पूर्ण चाचपलं.

"काई नाही लागत रे."

"हाये. खुपून राहिलं."

"असतं तर लागलं असतं मले."

मी मोबाईलचा टॉर्च लावून पाहिलं. काळ्या बुबुळावर एका बाजूला पांढरा ठिपका होता, खसखशीएवढा. मी म्हटलं, "मामाजी, आजच नागपूरले चला. बस भेटते अजून. हे साधं नाही."

"परवा माही पाळी हाये थ्रेशरची," मामा म्हणाले. "परवाच्या नंतर जाऊ."

"धान महत्त्वाचं का डोया?"

"धान सडून राहिलं ना पोरी. डोया हाये, बाई हाये."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी सांगावं म्हणून. त्या म्हणाल्या, "काजल बरोबर सांगून राहिली. जा तू." पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता, आणि मामांनी तो जोर नसलेलाच ऐकला. त्यांचा विश्वास होता की खरंच वाईट असतं तर बाईनं हात धरून नेलं असतं. आणि बाईला वाटत होतं, मी काढलं ना, मग आता कसं असेल. दोघं एकमेकांच्या भरवशावर बसले. मला त्या दोघांचाही राग आला होता आणि मी तरी काय केलं, भांडी घासत बसले.

मामांनी औषधाच्या दुकानातून लाल डोळ्याचा ड्रॉप आणला. टाकला की थंड वाटायचं. लाली कमी झाली. "पाह्य, उतरून राहिलं," असं मलाच दाखवायला आले. पांढरा ठिपका मात्र मोठा झाला होता. त्यांची पाळी एक दिवस पुढे गेली, मशीनचा पट्टा तुटला म्हणून. मग आणखी एक दिवस. धान निघालं ते काळं, दाबलं की फुटणारं. व्यापारी मूठभर घेऊन नाकाशी नेऊन परत पोत्यात टाकून निघून गेला. मामांच्या घराचं छप्पर गळत होतं म्हणून ती पोती आमच्या ओसरीत आणून ठेवली.

पोती लावून झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णामामी मामांना हाताला धरून घेऊन आल्या. मामांनी ओसरीची पायरी पायानं शोधली.

"बाई," ते म्हणाले, "उजेड पडला का अजून?"

ऊन अंगणभर पसरलेलं होतं.

उमरेडहून एसटी पकडली. सासूबाई मामांचं डोकं खांद्यावर घेऊन बसल्या. कंडक्टरनं विचारलं, म्हाताऱ्याला उलटी तर होणार नाही ना, मागच्या सीटवर बसवा. मागच्या सीटवर बसलो. प्रत्येक खड्ड्याला मामा डोळ्यावर तळहात दाबायचे. सासूबाईंचा ओठ सारखा हलत होता, मला वाटलं देवाचं नाव घेत असतील. मी कान दिला तर त्या म्हणत होत्या, "मले लागायले पाह्यजे होतं. मले लागायले पाह्यजे होतं."

धंतोलीत, नागपूरच्या त्या दवाखान्यांच्या भागात, आमच्यासारखे ढीगभर. गडचिरोलीचे, यवतमाळचे, बालाघाटचे. कोणाच्या डोक्याला पट्टी, कोणाच्या नाकात नळी. नंबर लागेपर्यंत दुपार झाली. डॉक्टरीण तरुण होती, दमलेली दिसत होती. तिनं मशीनमधून डोळा पाहिला आणि पाहतच राहिली.

"काय गेलं होतं डोळ्यात?"

"तूस. धानाचं," मामा म्हणाले.

"कोणी काढलं?"

मामा म्हणाले, "आपोआप निघालं जी."

मी खाली पाहिलं. सासूबाई भिंतीपाशी उभ्या होत्या, तिथून पुढे आल्या.

"मी काढलं, मॅडम. जिभेनं."

डॉक्टरीण रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, नंतर काय टाकलं. मी पिशवीतून ड्रॉपची बाटली काढून दिली. तिनं ती फिरवून वाचली आणि टेबलावर ठेवली.

"ओल्या धानाच्या तुसावर बुरशी असते," ती म्हणाली. "ती आत शिरली. या ड्रॉपमध्ये स्टेरॉइड आहे, त्यानं ती भराभर वाढते. आणि जिभेनं काढलं की तोंडातले जंतूही जातात. वर इतके दिवस उशीर. पाहू या काय होतं ते."

"माह्यानं झालं का?" सासूबाईंनी विचारलं. "तेवढं सांगा मले. माह्या जिभेनं झालं का?"

"ते आता कोणीच सांगू शकत नाही, आई."

"तरी पण."

"मला खरंच माहीत नाही. पण यापुढे हे करू नका. कोणालाच नाही."

सासूबाईंनी मान हलवली. बाहेर आल्यावर त्या बाकावर बसल्या आणि एकदम बारीक दिसायला लागल्या. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण इतकी वर्षं जे मी त्यांना ऐकवत होते तेच डॉक्टरीण बोलली होती. हात ठेवला असता तर त्यांना काय वाटलं असतं, या विचारात मी तशीच बसून राहिले. आपण बरोबर होतो याचा एवढा वैताग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

मामांना ठेवून घेतलं. दर तासाला ड्रॉप. तेही सासूबाईच टाकायच्या. आधी साबणानं हात धुवायच्या, नर्सनं शिकवलं तसं, आणि हात पुसायच्याही नाहीत, वाळू द्यायच्या. ड्रॉप टाकताना तोंड पदरानं घट्ट बांधायच्या. नर्स म्हणाली, आजी, एवढं नको. तरी बांधायच्या. मामा विचारायचे, "बाई, बोलत काहून नाही?" तर पदराआडून हूं करायच्या. जेवणाचा डबा मी समोरच्या खानावळीतून आणायचे. भाजी तिखट असली की त्या पोळी पाण्यात बुडवून खायच्या, तेव्हापर्यंत तरी.

डोळा राहिला. फुटला नाही, काढावा लागला नाही. पण बुबुळ सगळं पांढरं झालं. डॉक्टरीण म्हणाली, बुबुळ बदलायचं म्हटलं तरी आतली खराबी इतकी आहे की आशा ठेवू नका, यादीत नाव लिहून ठेवते. मामांनी तिला हात जोडले. हात भलत्याच दिशेला जोडले गेले, ती दुसऱ्या बाजूला उभी होती. ती फिरून त्यांच्या समोर आली.

घरी आलो त्या संध्याकाळी मी स्वयंपाक केला. नेहमीसारखं वरण वेगळं काढलं. सासूबाई ताटावर बसल्या आणि म्हणाल्या, "चटणी वाढ."

मला वाटलं सासऱ्यांसाठी मागतात. मी सासऱ्यांच्या ताटात वाढली.

"मले वाढ."

सासऱ्यांचा हात थांबला. मी वाढली, थोडीशी. त्यांनी भातात कालवली आणि खाल्ली. पहिल्याच घासाला डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, कान लाल. ठसका लागला. मी पाणी दिलं, त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि दुसरा घास घेतला. सगळं ताट संपवलं. सासरे ताटावरून उठून बाहेर गेले. त्यांना मी रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून कोणी डोळा घेऊन आलं की त्या दारातूनच सांगायच्या, "माह्या तोंडात मिरची हाये. उमरेडले जा डॉक्टरकडं." खोटं त्यांना बोलता येत नाही, म्हणून आधी मिरची खाऊन ठेवायच्या. सकाळ-संध्याकाळ. तोंड आलं, ओठाच्या कडा फाटल्या, तरी खायच्या. मी म्हटलं, आई, नुसतं नाही म्हणा ना लोकांना. त्या म्हणाल्या, "नाही म्हणता येत असतं तर एवढं कायले झालं असतं."

गावानं काय करावं. काही दिवस लोक आले. कांताबाईच्या नातीच्या डोळ्यात बारीक किडा गेला, सासूबाईंनी उकळून गार केलेल्या पाण्याची धार धरली, किडा निघाला नाही, पोरगी ओरडत राहिली. कांताबाईनं "जिभेनं काढ ना वं बाई, पाया पडते" म्हणून पाय धरले. सासूबाई पाय सोडवून आत गेल्या आणि चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून बसल्या. कांताबाई जाता जाता बोलली, "सख्ख्या भावाचा डोया घेतला, आता दुसऱ्याईच्या लेकराईले डॉक्टर दाखवते." हे ती मला ऐकवून गेली, पण आवाज आत जाईल एवढा होता. मग लोक यायचे थांबले. आमच्या दारात जेवणाच्या वेळी कोणी येत नाही, असं मी लग्न झाल्यापासून पहिल्यांदा पाहिलं. सासरे दाराकडे पाहत जेवायचे.

मामाही यायचे नाहीत. मामी सांगायच्या, दिवसभर खाटेवर बसून राहतात आणि डोळा चोळतात. खुपतंय म्हणतात. ड्रॉप संपले, डॉक्टर म्हणाली आत काही नाही, तरी खुपतंय.

मिरची खुडायचे दिवस सुरू झाले. मीही जायला लागले. एका संध्याकाळी हात धुऊन धुऊन आग कमी होत नव्हती म्हणून मी ओसरीत हाताला तेल लावत बसले होते. मामी मामांना घेऊन आल्या. मामांनी पायरी पायानं शोधली आणि मामींचा हात सोडून दिला.

"बाई."

सासूबाई दारात आल्या.

"खुपून राहिलं वं. पाह्य ना."

"काई नाही रे त्याच्यात. मॅडमनं सांगितलं ना."

"मॅडमले नाही समजत. तूस हाये. अर्धं तू काढलं अन् अर्धं राह्यलं. तूच पाह्य."

सासूबाईंनी दाराची चौकट धरली. "माह्या तोंडात मिरची हाये, नत्थू."

मामा म्हणाले, "तुह्या? कवापासून?"

"तुले घरी आणलं तवापासून."

मामा उभेच राहिले. पांढरे दोन्ही डोळे बहिणीच्या आवाजाच्या दिशेनं. मला वाटलं आता काही बोलतील, दोष देतील, दिला असता तरी कोणी काही म्हटलं नसतं. ते एवढंच म्हणाले, "मंग मी आता कोणाकडं जाऊ?"

सासूबाईंना रडू फुटलं. तोंडावर पदर घेऊन त्या तिथेच खाली बसल्या. मामा त्या आवाजाकडे हात पुढे करून चाचपत राहिले, हात हवेत. मामी भिंतीला टेकून उभ्या. कोणालाच काही करता येत नव्हतं.

ओसरीच्या कोपऱ्यात मामांची ती काळ्या धानाची पोती तशीच पडून होती. मी उठले. एका पोत्याचं तोंड सैल करून मूठ घातली आणि एक तूस निवडलं, टोकदार, अर्धं. माझे हात मिरचीचे होते, म्हणून ते पदराच्या टोकात धरून सासूबाईंच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी, जिनं त्यांना जंतू शिकवले. मी मान डोलावली.

त्या उठल्या. मोरीवर जाऊन चूळ भरली, जीभ घासली, पुन्हा चूळ भरली. पाण्यानं मिरची जात नाही हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत. भावाला उंबऱ्यापाशी निजवलं, उजेडाकडे तोंड करून, सवयीनं. डोकं मांडीवर घेतलं. तोंड पदरानं बांधलं. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ फडकं भिजवून त्यांनी मिटलेल्या पापणीवरून हळूच फिरवलं, आतल्या कोपऱ्यातून बाहेर, दोनदा.

"मी हावो ना रे. सोड. पापणी सोड."

मग मामांचा हात घेतला आणि बोटाच्या टोकावर ते तूस ठेवलं.

"पाह्य."

मामांनी दुसऱ्या बोटानं ते चाचपलं. फिरवलं. नखानं त्याचं टोक दाबून पाहिलं. त्यांचा जन्म धानात गेला. हे कोरडं आहे, डोळ्यातून निघालेलं नाही, हे त्यांच्या बोटांना कळलं नसेल असं मला वाटत नाही.

"हेच होतं," ते म्हणाले.

"निघालं ना?"

"निघालं, बाई." ते उठून बसले. तूस त्यांनी फेकलं नाही, सदऱ्याच्या खिशात टाकलं. मामींनी हात धरला, पायरी उतरताना ते थांबले. "उद्या पुन्हा खुपन ते. येऊ का?"

"ये," सासूबाई म्हणाल्या.

जेवायला बसलो तेव्हा मी त्यांच्या ताटात चटणी वाढली, रोजच्यासारखी. त्यांनी ती बोटानं उचलून सासऱ्यांच्या ताटात टाकली.

"मले नको. उद्या नत्थू येईन."

मी पातेल्याकडे पाहिलं. वेगळं वरण काढायची माझी सवय मोडली होती, सगळ्या वरणाला तिखटाची फोडणी बसली होती. त्यांनी नुसत्या भाताला मीठ लावलं आणि खाल्लं.